पेट्या रिकाम्या केल्या तो शुक्रवार

ही हकिगत आजवर मी दोघांनाच सांगितली आहे, आणि ऐकून झाल्यावर दोघांनीही आधी पाणी मागितलं. तेव्हा तांब्या जवळ असू द्या.

मी इरावती. बहरैनमध्ये बारा वर्षं झाली. उम्म अल हस्सममध्ये राहते, एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. थंडीत आमचा ग्रुप दर शुक्रवारी पहाटे दक्षिणेकडच्या वाळवंटात चालायला जातो. रिफा मागे पडलं, तेलाच्या पाइपलाइनी विरळ झाल्या, की गाड्या सोडायच्या आणि अकरा किलोमीटरचा फेरा पायी मारायचा. वाटेत ना झाड, ना विहीर. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथे पाच पेट्या ठेवल्या. हिरव्या, जाड प्लास्टिकच्या, दगडांच्या ढिगाखाली अर्ध्या पुरलेल्या. प्रत्येकीत पाण्याच्या बारा बाटल्या, ओआरएसची पाकिटं, एक शिट्टी, पांढरं कापड. कुलूप नाही. ज्याला लागेल त्यानं घ्यावं.

मे लागला की पेट्या रिकाम्या करायच्या, असं यंदा ठरलं. बाटल्यांतलं पाणी उन्हानं खराब होतं, आणि उन्हाळ्यात तिकडे चालतंय कोण? ते काम माझ्याकडे आणि नजीबभाईंकडे आलं.

नजीबभाई श्रीवर्धनचे. एसीचे मेकॅनिक, पन्नाशीचे, बायको आतिकाबरोबर मुहर्रकला राहतात. मोजकंच बोलणारा माणूस. पहिल्या पेटीपाशी त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि तसेच थांबले.

"ताई, ओतून टाकायचं?"

"खराब झालंय, भाई."

"तुमच्या-माझ्यासाठी खराब. तहानेनं मरणाऱ्याला कसलं खराब?"

मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ते एकेक बाटली उलटी करत गेले. वाळूनं पाणी ओढून घेताना घोट घेतल्यासारखा आवाज येत होता. मला तो आवडला नाही, पण साडेसहाची वेळ, लख्ख उजेड, मनात तरी काय येणार?

चौथी पेटी झाली आणि वारा सुटला. इथे धुळीचा वारा सुटला की आभाळ काळवंडत नाही, पांढरं होतं. सूर्य कुठे आहे ते कळेना, कारण उजेड सगळीकडून सारखाच येत होता. पायाखालची सावली गेली. सावली गेली म्हणजे दिशा गेली. माझा फोन तापून बंद पडला, नजीबभाईंचा गाडीत राहिला होता. पाचवी पेटी शोधत आम्ही चालत राहिलो आणि दोन तासांनी पुन्हा आमच्याच बुटांच्या ठशांवर आलो.

अकरा वाजता आमच्याजवळचं पाणी संपलं. त्याच सकाळी अठ्ठेचाळीस बाटल्या आम्ही आमच्या हातांनी वाळूत ओतल्या होत्या…

थोड्या वेळानं नजीबभाईंचा घाम थांबला. ही खूण मला माहीत आहे. त्यांचा हात धरला तर तव्यासारखा तापलेला, कोरडा. ते आतिकाशी बोलू लागले, "दार लाव गं, ऊन येतंय." एका खडकाच्या कपारीत त्यांना निजवलं, ओढणीनं वारा घातला, पेटीतली शिट्टी काढून वाजवत राहिले. त्या पांढऱ्या धुळीत शिट्टीचा आवाज दहा पावलांवर विरत होता. माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस जाणार, आणि मीच त्याला पाणी ओतायला लावलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेव्हा वास आला. समुद्राचा. ओहोटीनंतर येतो तसा, शेवाळाचा आणि भिजलेल्या दोराचा. समुद्र तिथून कोसभर तरी लांब, आणि वारा उलट्या बाजूचा.

मग श्वास ऐकू आला. खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस सोडतो तसा, लांब, शिट्टीसारखा. आणि पावलं. ओल्या फरशीवर वाजतात तशी.

धुळीतून तो आला. काटक, काळा, कमरेला एक फडकं. नाकावर शिंगाचा चिमटा. शेहेचाळीस डिग्रीच्या त्या उन्हात तो डोक्यापासून पायांपर्यंत निथळत होता. त्याचं पाऊल पडे तिथली वाळू ओली होई, क्षणात सुके, आणि मिठाची पांढरी कड मागे उरे. खांद्यावर कातड्याची पखाल होती, टम्म भरलेली.

तुम्हाला वाटेल, मी किंचाळले असेन. नाही. ओरडावंसं वाटलंच नाही. एखाद्या प्रचंड कड्याखाली उभं राहिल्यावर आपोआप बोलणं थांबतं ना, तसं झालं. मी सरकून जागा करून दिली.

तो गुडघ्यांवर बसला. पखालीचं तोंड नजीबभाईंच्या ओठांना लावलं. ते प्याले… किती प्याले! मग त्यानं माझ्याकडे न बघताच पखाल पुढे केली. मी ओंजळ धरली. त्याच्या केसांतून माझ्या मनगटावर पडलेले थेंब खारट होते, डोळ्यांत जातील तर झोंबतील असे. पखालीतलं पाणी मात्र गार होतं, गोड होतं. दगडाच्या पोटातून नुकतंच निघाल्यासारखं. तसं पाणी मी आयुष्यात कधी प्याले नव्हते.

जाण्याआधी त्यानं आपला तळवा नजीबभाईंच्या छातीवर ठेवला. बराच वेळ. श्वास खाली-वर होत होता तो जोखत असल्यासारखा.

"शुक्रान…" मी अरबीत आभार पुटपुटले.

तो उठला आणि आला तसा गेला. वास विरला. तासाभरात वारा पडला, तर समोरच रस्ता! पाइपलाइनच्या कामगारांच्या पिकअपनं आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं.

संध्याकाळी तिथले केरळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, उष्माघात होता, पण शरीरात पाणी पुरेसं आहे, निभावले. मग जरा घुटमळले.

"एक बताइए, ये डाइविंग के लिए कब गए थे?"

मी आतिकाकडे पाहिलं; ती मुहर्रकहून नुकतीच पोचली होती.

"दोनों कानों के पर्दे फटे हैं. ताज़ा है. एकदम गहरे पानी में उतरने से ऐसा होता है."

आतिका हळूच मला म्हणाली, "ताई, ह्यांना पोहता येत नाही. श्रीवर्धनला राहून कधी गुडघ्यापलीकडे गेले नाहीत."

आमच्या लॅबचे म्हातारे बहरैनी ड्रायव्हर आहेत, हसन. त्यांना मी अंदाजानं पखालवाल्या माणसाबद्दल विचारलं. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की पूर्वी इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, कमरेला दोर बांधून, पखाल घेऊन खाऱ्या पाण्यातून खाली उतरायचे, झऱ्याच्या तोंडावर ती धरायचे आणि भरली की दोराला हिसका द्यायचे; वरचा माणूस त्यांना ओढून घ्यायचा. वर माणसं तहानलेली असायची.

"आता ते झरे?" मी विचारलं.

"मफी," ते म्हणाले. "खलास. सगळे आटले."

नजीबभाईंना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. पंधरा दिवसांत ते कामावर गेले. मग एका शुक्रवारी दुपारी आतिकाचा फोन आला. जुम्म्याची नमाज पढून, जेवून ते निजले होते आणि त्यांचा श्वास थांबला होता. तिनं गदागदा हलवलं. चार मिनिटांनी त्यांनी एक लांब, शिट्टीसारखा श्वास सोडला आणि डोळे न उघडता म्हणाले, "वर अजून एकजण आहे… तहानलेला."

मी कोणाला काही समजावत बसले नाही. त्याच संध्याकाळी बाटल्या विकत घेतल्या आणि दोघा-तिघांना घेऊन चारही पेट्या भरून, पाचवीतलं पाणी बदलून आले. तेव्हापासून दर आठवड्याला जाते, पाणी बदलते. ऊन असो, धूळ असो, ईद असो. चार शुक्रवार नजीबभाई शांत झोपले. मला वाटलं, तहानलेल्याला पाणी पोचवायचं त्यांच्यावर पडलेलं काम आपण उचललं. ते सुटले.

गेल्या शुक्रवारी सकाळी मी पेट्या बघून आले. सगळ्या भरलेल्या, एका बाटलीचंही झाकण उघडलेलं नाही. दुपारी अडीचला फोन वाजला. आतिका कुजबुजत होती.

"ताई… ह्यांनी झोपेतच माझी ओढणी घेतली. एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलंय, दुसरं माझ्या हातात दिलं. म्हणाले, मी दोनदा हिसका दिला की वर ओढ."

"मग? दिला का हिसका?"

"नाही अजून…"

"ते आहेत कुठे?"

"इथेच, पलंगावर. माझ्यापासून हातभर लांब. हललेसुद्धा नाहीत." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "पण ताई… अडीच मीटरची ओढणी आहे… माझ्या मुठीतून सरकत चाललीय… संपत आलीय…"