निर्दोष मजकूर

तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून त्याला एक खोड जडली होती. कुणी चूक दाखवली की हुज्जत घालायची नाही, आधी दुरुस्त करून मोकळं व्हायचं. विचार काय, घरी जाऊनही करता येतो.

निवृत्तीनंतर घरात दोघंच, तो आणि थोरली बहीण. आई जिन्यावरून पडून गेली तेव्हा तो सात वर्षांचा, ताई चौदाची. शाळा सोडून तिनं त्याला लहानाचं मोठं केलं. याबद्दल त्याच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही. असल्या बाबतीत गडी पक्का घुम्या. म्हणून त्यानं त्या दिवसांवर ब्लॉग सुरू केला. लिहिताना स्वतःचंच नवल वाटायचं. आपण किती घाबरट होतो आणि तिचे किती लाडके, हे साठी उलटल्यावर कळत होतं. मजकूर एकदा निर्दोष झाला की ताईला वाचायला द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

वाचक एकच. ना नाव, ना फोटो. पहिली प्रतिक्रिया आली: 'दार हिरवं नव्हतं. निळं होतं.'

त्याला पक्कं आठवत होतं, हिरवंच. पण हात सवयीचा, त्यानं 'निळं' केलं. जेवताना सहज विचारलं, "ताई, जुन्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं गं?"

"निळं. का रे?"

त्याला बरंच वाटलं. आपल्याला ओळखणारं जुनं कुणीतरी वाचतंय तर.

मग दुसरी प्रतिक्रिया: 'आई पडली नाही. तापानं गेली.' तीही दुरुस्ती झाली. संध्याकाळी त्यानं जिन्याचा विषय काढला.

"जिना? आपल्या घराला जिना कधी होता? वय झालं तुझं."

भिंतीवरच्या फोटोत आईच्या मागे जिन्याचा कठडा दिसायचा. तो उठून जवळ गेला. तिथे सपाट भिंत होती.

आठ दिवस त्यानं कॉम्प्युटरकडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी दुपारी, सगळं पुसूनच टाकायचं म्हणून तो बसला. आत ताई भांडी घासत होती.

नवी प्रतिक्रिया येऊन पडली होती.

'घरात मूल एकच होतं.'

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुरुस्ती केली नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसला.

पडद्यावर पहिल्या ओळीतला 'ताई' हा शब्द फिका झाला. मग नाहीसा झाला. मग दुसऱ्या ओळीतला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"ताई?"

नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

मग मात्र त्याची बोटं भराभर चालली. 'मी' खोडला. 'मला' खोडलं. 'माझा' खोडला. 'धाकटा भाऊ' खोडला. मजकुरात एक मुलगी उरली, घर सांभाळणारी.

आत भांडं वाजलं. नळ बंद झाला. त्याला रडू फुटलं.

ताई हात पुसत बाहेर आली. तो खुर्चीतच बसलेला होता. ती येऊन त्याच खुर्चीत बसली. त्याला तिचा भार जाणवला नाही.

तिनं सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. डोळे पुसले. मग एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत, प्रतिक्रिया लिहिली:

'तुम्ही कोण? आमच्या घरातलं इतकं कसं माहीत तुम्हाला? लिहीत राहा. मला दुसरं कुणी नाही.'