सोनगीरच्या चढणीसाठी एक डिरेलर

सोनगीरच्या किल्ल्यामागच्या वाटेवर माझ्या मागच्या चाकात बाभळीची वाळकी फांदी शिरली आणि काडकन आवाज झाला. उतरून बघते तर चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर मोडून लोंबकळत होता. शर्यत पुढच्याच रविवारी, याच वाटेवर. तिच्या सरावासाठी तर मी जळगावहून धुळ्याला मावशीकडे येऊन राहिले होते. डोळे भरून आले.

"रडायचं असेल तर रडून घ्या," मागून कुणीतरी म्हणालं, "मग चेन तोडू आपण."

वळून पाहिलं. धुळीनं माखलेली जर्सी, हातात सायकल, आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"रडत नाहीये मी. गार वाऱ्यानं पाणी येतंय."

"हो, वारा आहे खरा," तो म्हणाला. वाटेवरचं गवतसुद्धा हलत नव्हतं.

त्यानं पिशवीतून हत्यार काढलं, चेन आखूड करून एकाच गिअरवर बसवली. मी सायकल धरून उभी होते आणि उगाचच त्याच्या बोटांकडे बघत होते.

"नाव काय तुमचं?"

"नवल."

"अं?"

"नवलच. सगळे असंच विचारतात. आणि तुम्ही सुलक्षणा. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या. गेल्या वर्षी शेवटच्या चढणीवर सायकल ढकलत होता."

माझे कान तापले. गेल्या वर्षी त्या चढणीपर्यंत मी दुसरी होते. तिथं पाय संपले, उतरले, आणि एकेक करत सगळ्या जणी शेजारून निघून गेल्या. वर्षभर ती चढण माझ्या स्वप्नात येत होती.

"तुम्ही बघत होतात?"

"मीही ढकलतच होतो. तुमच्या मागे..." तो चेनकडे बघत म्हणाला. "मग तुमचं नाव विचारून घेतलं एकाला."

दुसऱ्या दिवशी मी धुळ्यात त्याच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानात गेले. नवल तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि सुट्टीला गल्ल्यावर बसायचा. काचेतला सगळ्यात चकचकीत डिरेलर मी उचलला.

"सुंदर आहे," तो म्हणाला, "पण बारा गिअरचा. तुमच्या हँडलवरचं बटण नऊ गिअरचं. दोघांचं पटायचं नाही."

"पटवून घेता येत नाही?"

"माणसांचं येतं. यांचं नाही."

मी तो पटकन खाली ठेवला. नवलनं दुसरा पुढे केला, लांब पायाचा. "हा घ्या. मागे शेहेचाळीस दात्यांची मोठी चकरी बसेल. चढण लोण्यासारखी."

मी तो हातात फिरवून पाहिला. "हा फार खाली लोंबतो. शेवटच्या टप्प्यात दगड वर आलेत. कालचाही लांब पायाचाच होता, तिथं दोनदा घासला होता."

"पण दाते कमी झाले तर पाय भरून येतील."

"मी गणित शिकवते, हिशेब केलाय. बेचाळीस दात्यांवर निघते मी वर. मधल्या लांबीचा द्या, आणि क्लचवाला. दगडांवर चेन उडायला नको."

"आणि चढणीवर अडलात तर? माझं नाव घेऊ नका मग."

"मग कुणाचं घेऊ?"

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. नवल पाने शोधायला टेबलाखाली वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही. त्याचे वडील, भाईदासनाना, ट्यूबला पंक्चर लावता लावता शांतपणे म्हणाले, "सायकल तिनी शे भो, तिले ठरवू दे."

आठवडाभर रोज सकाळी आम्ही दोघं त्या वाटेवर होतो. तो तार ताणायचा, मी गिअर टाकायचे, तो कान देऊन ऐकायचा. दोन्हीकडे दादर ज्वारीची कणसं भरलेली... आणि आमच्या गप्पांत डिरेलर रोज थोडा कमी होत गेला.

रविवारी शेवटच्या चढणीला लागले तेव्हा पुढे एकटी दिपमाला होती, चाळीसगावची, गेल्या वर्षी पहिली आलेली. मी शेवटचा गिअर टाकला. चेन मोठ्या चकरीवर अलगद चढली. दगड आले. डिरेलर एका टोकदार दगडाच्या बोटभर वरून निघाला. चाक घसरलं, मांड्या पेटल्या, छाती फुटेल असं वाटलं. कडेला नवल उभा होता. त्याची शर्यत संपली होती, तो अकरावा आला होता. मुठी आवळून बघत होता.

मी उतरले नाही. दिपमालाचं पुढचं चाक एका दगडाला अडलं, तिनं पाय टेकला, आणि मी तिच्या शेजारून वर गेले. माथ्यावर पहिली.

दिपमालानं येऊन मिठी मारली. लोकांनी फोटो काढले. मग गर्दी पांगल्यावर नवल आला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "लांब पायाचा असता तर त्या टोकदार दगडावर आपटून मोडला असता."

"हे सांगायला आलात?"

"नाही. म्हणजे... दर रविवारी जळगावला येत जाऊ का?"

"कशाला?"

"सायकल बघायला." तो माझ्याकडे बघेना. "म्हणजे... तुला बघायला. तू आवडतेस मला. गेल्या वर्षापासून."

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "पण दर रविवारी तूच कशाला? एक रविवार मी येईन."

नवल धुळीनं भरलेला हात जर्सीला पुसायला लागला. मी तो पुसून होईपर्यंत थांबले नाही. तसाच हातात घेतला.