बोलकी झाकणं

वाती वळून झाल्याशिवाय हेमलताबाई चहा घेत नसत. त्या दिवशीही मांडीवर कापूस घेऊन त्या बसल्या होत्या आणि समोर ओट्यावरचे डबे एकेक करून उजळत होते. मिरजेतल्या त्या नव्या इमारतीत घरोघरी जाणती झाकणं बसवलेली होती. डब्यात काय आहे, किती उरलंय, हे झाकणाला वजनावरून आणि वासावरून कळे. जिन्नस संपत आला की झाकण परस्पर दुकानाला कळवी. इथवर सोय होती. पण तेच झाकण 'शेजार' नावाच्या सार्वजनिक फलकालाही कळवी, आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुणाच्या घरी काय भरलं जातंय ते दिवसभर झळकत राही. पूर्वी लोक फोनवर फोटो टाकत, मतं ठोकत. आता लिहायचेही कष्ट उरले नव्हते. माणसानं काय विकत घेतलं, हीच त्याची बातमी.

हेमलताबाईंना हे दुसऱ्याच्या ताटात डोकावण्यासारखं वाटे. त्या भिंतीकडे पाठ करूनच बसत.

अधिक महिना लागला होता. महिनाभर लटकं बोलायचं नाही, असा त्यांनी नेम धरला होता. राहिलं वाण. जावयाला तीस-तीन अनारसे द्यायचे, तर त्याला गोड वर्ज्य. देवापुढे बसल्या बसल्या त्यांना समोरच्या शबाना शिकलगारची झोया आठवली. पाच वर्षांची पोर. तिच्या यकृतात साखर साठे, पण गरजेच्या वेळी बाहेरच पडत नसे. म्हणून दर काही तासांनी तिला कच्चं कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून पाजावं लागे. ते सावकाश पचतं, रक्तातली साखर धरून ठेवतं. एखादी पाळी चुकली की पोर घामानं भिजे, गार पडे, झटके येत.

"यंदा झोयालाच वाण," त्या देवाला म्हणाल्या आणि डब्याच्या झाकणाला सांगून कॉर्नफ्लोअरचे तीस-तीन पुडे मागवून मोकळ्या झाल्या.

दोन गोष्टी त्यांच्या ध्यानातच आल्या नाहीत. एक, जिल्ह्यात जुलाबाची नवी साथ शिरली होती. आणि दुसरी, हेमलता वाळिंबे ही जन्मभर दवाखान्यात सिस्टर होती, हे 'शेजार'ला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी शबाना दारात आली. "मावशी, कॉर्नफ्लोअर आहे का हो थोडं? सगळी दुकानं पालथी घातली. लोकांना झालंय तरी काय?"

"अगं, येतंच आहे आज. तुझ्यासाठीच मागवलंय."

"माझ्यासाठी?"

हेमलताबाईंनी कितीतरी दिवसांनी भिंतीकडे तोंड केलं. तिथे त्यांचंच नाव झळकत होतं. जाणत्या सिस्टरनं पुड्यांचा ढीग मागवलाय, साथीवरचा उपाय आतल्या लोकांना कळलाय! खाली पांढरा डगला घातलेला कुणीसा माणूस कॉर्नफ्लोअरमध्ये लिंबू पिळून घटाघटा पीत होता. आणि अगदी तळाशी एक ओळ होती : टंचाईमुळे तुमची मागणी रद्द. जादा भाव देणाऱ्यांकडे माल वळवला आहे.

त्या भिंतीसमोर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे औषध नाही हो. अधिकाचं दान होतं, एका आजारी मुलीसाठी."

उत्तरं लगेच पडू लागली. 'दान म्हणे! आम्ही काय कुक्कुलं बाळ?' 'स्वतःची सोय झाली, आता आम्हाला उपदेश.' 'पोचलेली आहे म्हातारी.'

"संध्याकाळच्या पाळीपुरतं आहे," शबाना म्हणाली. "पुढचं काय करू? दवाखान्यात नेलं तर ग्लुकोजचं सलाईन लावतील, पण तिथे साथीचे पेशंट जमिनीवर झोपलेत. तिला त्यात घालू?"

"थांब. मी मागून आणते."

वरच्या मजल्यावर मीनल बिरनाळेनं दार अर्धवटच उघडलं. "हेमाताई, एक पुडा नाही हो घरात. शपथ."

तिच्या खांद्यावरून ओटा दिसत होता. ओळीनं सात झाकणं उजळलेली, सातांवरही एकच नाव : कॉर्नफ्लोअर.

"मीनल, तुझी झाकणं बोलताहेत गं."

मीनलचा चेहरा क्षणभर उतरला, मग ताठ झाला. "मग तुम्ही का मागवत होतात? आमच्या पोरांना काही झालं तर? सकाळपासून पाजतेय त्यांना. ओकतात, तरी पाजतेय!"

"अगं, झोयाला एकच दे. तिचा जीव आहे त्यात."

"सगळे असंच सांगतात," म्हणत मीनलनं दार लावलं.

आतून ओकारीचा आवाज आणि लिंबाचा आंबूस वास आला. हेमलताबाईंनी वॉर्डात हयातभर भांडी उचलली होती, पू पुसला होता, कधी नाकाला पदर लावला नव्हता. आज लावला. असली घाण कुठल्याच फिनेलनं जाणारी नव्हती.

घरी शबाना झोयाला मांडीवर घेऊन बसली होती. शेवटची पाळी पोटात गेली होती. झोया सकाळच्या वातींशी खेळत होती. "नानी, ही पण डॉलीला बांधू?"

हेमलताबाई त्या कापसाकडे बघत राहिल्या. कुणाच्या पोटात न जाणारा, कुणाचं काही न अडणारा कापूस.

त्या उठल्या आणि भिंतीजवळ जाऊन म्हणाल्या, "कापूस पाठवा. तीस-तीन गठ्ठे."

एक अक्षरही लटकं नव्हतं.

दिवेलागणीला भिंतीचा रंग पालटला. सिस्टरनं कॉर्नफ्लोअर सोडलं, कापूस धरला! आता तोच डगलेवाला नाकात बोळे घालून बसला होता. इमारतीत धावपळ उडाली. कापसाला जागा हवी म्हणून डबे रिकामे होऊ लागले. जे दुपारी शपथेवर घरात नव्हतं, ते कचरा टाकायच्या नळकांड्यातून धपाधप खाली पडू लागलं.

हेमलताबाई पदर खोचून खाली गेल्या. सडकी कलिंगडं, मुलांचे लंगोट, आणि त्यांत न फोडलेले पुडे. एका पिशवीत एकदम सात होते, ते मीनलचेच. दोन्ही हातांनी त्यांनी ते वेचले, नळाखाली धुतले, पुसले. शबानानं एक फोडून कालवलं. झोयानं नाक मुरडत पेला संपवला आणि आईच्या उबदार कुशीत झोपून गेली.

"मावशी, तुमच्यामुळे वाचली," शबाना डोळे पुसत म्हणाली.

हेमलताबाई देवापुढे बसल्या. वात लावली, हात जोडले, तोच फोन वाजला. जुन्या वॉर्डातली सिस्टर होती.

"वाळिंबेबाई, तुमच्या ओळखीत कुणाकडे कापूस आहे का हो? पुरवठादारानं आमचा सगळा माल घराघरांत वळवला. बाळंतिणींच्या वॉर्डात पुसायला बोळा नाही. कुणी सिस्टरनं म्हणे अफवा उठवली. कोण असेल हो ती?"

हेमलताबाईंचा नेम अजून चालू होता. देवापुढची वात शांत तेवत होती. एवढाच कापूस आज कुणाच्या जखमेला कमी पडला होता?