दोन साळुंक्या

विनीताने मैदानावर नवऱ्याचा फोटो काढला. नवरा धूसर आला आणि त्याच्या मागच्या फांदीवरच्या दोन साळुंक्या लख्ख आल्या. दत्तात्रयने बँकेत पंचवीस वर्षं काढलेली असल्यामुळे त्याला ह्याचं काही वाटलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्याच फोटोचे कोस्टर वाण म्हणून द्यायचे, असं तिने ठरवलं. गेल्या वर्षी तिने प्लॅस्टिकचे डबे लुटले होते आणि कोलकात्यातल्या समस्त मराठी महिलावर्गाने ते 'उपयोगी' म्हणून नावाजले होते. हा अपमान ती विसरली नव्हती.

सियालदहच्या घाऊक बाजारातून लाकडी चकत्या आल्या. फोटो एस्प्लनेडला छापले.

"दो शालिक बहुत अच्छा, बौदी," छापणारा साळुंक्यांवर बोट ठेवून म्हणाला. "एक कभी मत छपवाना. अकेला अपशकुन होता है."

घरी ती गोल कापत बसली. दत्तात्रय डोकावला. "मला कापलंस वाटतं."

"तुम्ही हललात."

व्हार्निशच्या वासाने तो शिंकला. तो नेहमी मोजून तीनदा शिंकायचा आणि मग स्वतःच जाहीर करायचा, "झालं!"

मीनाक्षीताईंचा फोन आला. मंडळातली प्रत्येक यादी त्यांच्या नजरेखालून जाई. "विनीता, विजयाताईंचं नाव चुकून आलंय का गं?"

विजयाताईंचे प्रकाशराव जाऊन सहा महिने झाले होते.

"चुकून नाही."

"अगं, पण वाण..."

"कपाखालची चकती आहे, मीनाक्षीताई. तिला सवाष्ण कोण ते कळत नाही."

पण चकतीला कळत होतं.

विनीताने प्रत्येक चकतीच्या पाठीवर पेन्सिलीने नाव घातलं आणि त्या उलट्या मांडून ठेवल्या. सकाळी सुलट्या केल्या, तर विजयाताईंच्या चकतीवर एकच साळुंकी. कागद खरवडलेला नव्हता. दुसरी जिथे बसली होती तिथे फांदी होती, फांदीमागचं पान होतं, पानाच्या शिराही होत्या.

छपाईतला दोष, असं म्हणून तिने दुसरी केली. दोन्ही पक्षी मोजले, नाव घातलं. दुपारपर्यंत एक.

तिसरीचंही तेच झालं.

आता मात्र विनीता हट्टाला पेटली. सहा महिने ज्या बाईला कुणी दाराशी बोलावलं नाही, तिला एका पक्ष्यावर ती बोळवणार नव्हती. तिने स्वतःसाठी ठेवलेला कोस्टर घेतला, पाठीवरचं 'विनीता' खोडलं आणि 'विजया' लिहिलं. टक लावून तासभर बघत बसली.

दोन होत्या. दोनच राहिल्या.

हळदीकुंकवाला तिने विजयाताईंना सगळ्यांच्या आधी कुंकू लावलं. मीनाक्षीताईंनी तिळगुळाची वडी चावायची थांबवली. विजयाताईंनी कोस्टर दोन्ही हातांत धरला, अंगठ्याने पुसला. "दोन आहेत गं," एवढंच म्हणाल्या.

दुसरा दिवस रविवार. दत्तात्रय हॉलमध्ये पेपर वाचत होता. एका साळुंकीचे कोस्टर फुकट कशाला घालवायचे म्हणून विनीताने त्यातल्याच एकावर त्याचा चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. फोन वाजला.

"अगं विनीता, तुझा कोस्टर किती गोड आहे!" विजयाताईंचा आवाज सहा महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा होता. "आज किती दिवसांनी चहाचे दोन कप काढले बघ."

"कोण आलंय?"

त्या नुसत्या हसल्या.

शिंक ऐकू आली. विनीता सवयीने हॉलकडे वळून म्हणाली, "अहो, खिडकी बंद करा."

दुसरी शिंक.

ती फोनमधून आली होती.

विनीता दारात आली. पेपर खुर्चीवर होता. त्याच्या घडीवर चष्मा. दाराची कडी आतून लावलेली. चहा वाफाळत होता.

तिसरी शिंक.

"झालं!" फोनमध्ये, विजयाताईंच्या मागे, कुणीतरी म्हणालं.

"ह्यांना ना," विजयाताई कौतुकाने म्हणाल्या, "धूळ मुळीच सोसत नाही."