मशीन बरं झाल्यावर

“आता काय करावं बाप्पा या लोढण्याचं...” प्रतिमा पुटपुटली, आणि शेजारी कॉफी पिणाऱ्या तरुणाने चमकून मान वळवली.

बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या त्या दर्शिनी उपाहारगृहात बसायला जागा नाही; उभ्यानेच खायचं. प्रतिमाने मात्र इडलीची ताटली बाजूला सारून दगडी टेबलावर चक्क लॅपटॉप उघडला होता. ऑफिसने मोडीत काढलेला, विटेसारखा जड. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिने त्यातल्या लिनक्स प्रणालीवर नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची चित्रं-खिडक्यांची मांडणी, चढवायला घेतला, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला भाबडेपणाने ‘हो’ म्हणत गेली. जुना डेस्कटॉप गेला, नवा काही आला नाही. ऑफिसातून फ्लॉपीवर आणलेला उपाय करून बघायला घरापर्यंत धीर धरवेना, म्हणून हा खटाटोप. तेवढ्यात बॅटरीनेही मान टाकली.

“स्वल्प थांबा,” तो तरुण म्हणाला. “विझायच्या आधी पडदा वाचला मी. त्याला आधी एक लायब्ररी लागेल, म्हणजे जोडीची फाइल. मग त्या लायब्ररीला आणखी दुसरी.”

“तुम्ही मराठी?”

“बनशंकरीतला मराठी. जन्म इथलाच. नागपूरकरांना चालत असेल तर...”

“नागपूर कसं ओळखलंत?”

“बाप्पा,” तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि प्रतिमाला उगाचच इडली गार झाल्याची आठवण झाली.

त्याचं नाव उपेंद्र. दर रविवारी त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये चार-पाच लिनक्सवेडे आपापली आजारी मशीनं घेऊन जमायचे. “तुम्हीही आणा,” तो म्हणाला.

ती गेली, आणि मग जातच राहिली. का जाणार नाही? बेंगळुरूत आल्यापासून ऑफिसात हिंदी-इंग्रजी, दुकानात मोडकंतोडकं कन्नड. रूममेट रात्रपाळीची नर्स; दोघींची ओळख दारातल्या चपलांपुरती. आठवडा आठवडा तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. मग ती लॅपटॉपलाच रागवायची, निदान आपला आवाज तरी ऐकू यावा म्हणून.

गॅरेजचे नियम मजेशीर होते. ज्याचं मशीन त्यानेच टाइप करायचं. सांगणाऱ्याने कीबोर्डला बोटही लावायचं नाही. आणि मशीन बरं झालं, की मिठाई वाटायची आणि खुर्ची पुढच्याला द्यायची. उपेंद्र हात काखेत दाबून तिच्या शेजारी बसायचा.

“एंटर मारा.”

“मारला.”

“काय म्हणतंय?”

“अजून एक लायब्ररी हवी म्हणतंय. लग्नात रुसलेल्या मावशीसारखं आहे हे.”

“मग मावशीची समजूत कशी काढतात?”

“कुणीतरी शेजारी बसून राहावं लागतं...” ती बोलून गेली, आणि घाईने पडद्याकडे बघू लागली. तोही बघू लागला. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी डेस्कटॉप उगवला, पण फाटका. प्रत्येक चित्र दोन-दोनदा, तेही हिरवट. “तुमचा पडदा सेकंदाला किती वेळा उजळतो, तो नेमका आकडा सापडायला हवा,” उपेंद्र म्हणाला, आणि त्याचा स्वर मुळीच दुःखी नव्हता.

आकडा तिलाच सापडला, गुरुवारी संध्याकाळी, अंदाजाने टाकता टाकता. पडदा लखलखीत झाला. प्रतिमाने टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत ती फार मोठ्याने वाजली. आता रविवारी काय सांगून जायचं?

सीडी आतच होती. पुन्हा सगळ्याला ‘हो’ म्हटलं, की पुन्हा बिघाड. बोट एंटरवर गेलंही. पण त्याला फसवायचं तिच्या जिवावर आलं. तिने सीडी काढली आणि खाली जाऊन मैसूरपाक घेऊन आली.

रविवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची आनेकलच्या अजितकडे गेली. बिचारा दोन बसेस बदलून, मांडीवर मॉनिटर घेऊन आला होता. उपेंद्र मैसूरपाकाचा तुकडा हातात धरून “छान झालं” एवढंच म्हणाला, आणि अजितच्या शेजारी जाऊन बसला. प्रतिमा दाराशी उभी राहिली. तिला कुणी जा म्हणालं नाही, थांब असंही म्हणालं नाही. आपण इथे मशीनच्या ओळखीने आलेल्या पाहुण्या, असं तिला वाटलं. तिने बॅग उचलली.

बसस्टॉपवर पोहोचते न पोहोचते तोच मागून धापा ऐकू आल्या.

“न सांगता निघालात?”

“मशीन बरं झालं ना...”

“हो.” उपेंद्र खाली बघत म्हणाला. “आठवडाभर मी मनात म्हणत होतो, तो आकडा सापडू नये. वाईट वाटलं ना ऐकून?”

प्रतिमाला हसू आणि रडू एकदमच आलं. “उपेंद्र, मला या गावात फार एकटं वाटतं. मशीन बिघडलं म्हणून कुणीतरी माझ्याशी बोलायला लागलं. आता मी रविवारी... नुसतीच आले, तर चालेल?”

“रविवारी नको.”

तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. तोंड फिरवणार, तोच तो पुढे म्हणाला, “रविवार फार लांब आहे. मी उद्याच येतो राजाजीनगरला. तुम्ही ऑफिसातून सुटलात की.”

“उद्या?” तिने विचारलं. गालावर आलेलं पाणी तिने पुसलंही नाही.

“आणि परवा,” तो म्हणाला.

राजाजीनगरची बस आली, आणि निघूनही गेली. दोघांपैकी कुणीच तिला हात दाखवला नाही.