मथुरेचा चेहरा

"माझ्या आईचा चेहरासुद्धा तू मला ठेवला नाहीस, मावशी!"

रुखवत मांडणारे तुळजाबाईचे हात जागच्या जागी थिजले. लग्न चार दिवसांवर आलेलं, घर पाहुण्यांनी भरू लागलेलं, आणि नवरीमुलगी उल्का भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडत होती... जाऊन तिला पोटाशी धरावं, पदरानं तिचे डोळे पुसावेत, असं तुळजाबाईला किती वाटलं! पण 'सावत्र' या एका शब्दानं तिचे पाय आजवर अनेकदा अडवले होते. आजही अडवले.

उल्का तान्ही असताना तिची आई मथुरा गेली आणि सोनबा कातारी तुळजाबाईला लग्न करून शनिवार पेठेतल्या नदीकाठच्या घरात घेऊन आले. मथुरेचा एकच फोटो होता. रोज सकाळी तो पुसून, त्याला कुंकू लावून मगच तुळजाबाई चूल पेटवी. पुढं पानशेतचं धरण फुटलं, घर गेलं, फोटोही गेला. मावशीनं माझ्या आईला पाण्यात टाकलं, हे त्या सात वर्षांच्या जिवानं तेव्हा मनात धरलं ते धरलंच, आणि तुळजाबाईनं कधी एका शब्दानं खुलासा केला नाही.

पूरग्रस्तांच्या वसाहतीत नवा संसार उभा राहिला. सोनबांचा उजवा हात अर्धांगाच्या वाऱ्यानं लुळा पडला, तेव्हापासून लाकडी कातकामाच्या यंत्रावर तुळजाबाईच बसू लागली. लाटणी, पोळपाट, पाळण्यावरचे चिमणी-पोपट, सगळं तिच्या हातून उतरत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काळ्या कुड्याच्या झाडाच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाचा ठोकळा यंत्रावर चढवला. बाईच्या आकाराचा कुंकवाचा करंडा करायचा होता. नेसलेल्या लुगड्याचा घेर म्हणजे डबी, आणि खांद्यापासून वर, मान नि मुखडा, म्हणजे झाकण. भुसा उडत राहिला, कंबर उतरली, खांदे उतरले. फिरत्या लाकडावर तिनं लाखेची कांडी टेकवली आणि ऊब लागताच हिरवा रंग लुगड्यावर पसरत गेला. केवड्याच्या पानानं घासून तिनं त्याला झळाळी आणली.

मग उरला चेहरा! तो यंत्रावर थोडाच होणार? तो धारदार चाकूनं, श्वास रोखून कोरायचा. डावी भुवई जरा वर चढलेली, हनुवटीवर खळी, ओठ हसण्याच्या बेतात... स्वतःचं तोंड तिनं आरशात कधी इतकं निरखलं नव्हतं, जितका सवतीचा तो मुखडा रोज सकाळी पाहिला होता!

नथीचा लाल ठिपका ती टेकवत होती, तेवढ्यात सोनबा दारात आले. त्यांची नजर करंड्यावर गेली आणि ओठांतून शब्द निसटला, "मथुरा..."

किती कोवळा होता तो स्वर! इतक्या वर्षांच्या संसारात आपलं नाव असं कधी उच्चारलं गेलं नाही, हे तुळजाबाईला त्या क्षणी कळलं. तिचे डोळे भरून आले, पण तिनं हसून विचारलं, "जमली ना हो? पोरीला ओळख पटेल ना?"

सोनबा मान खाली घालून उभे राहिले.

उल्कानं करंडा हातात घेतला मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हीच... हीच माझी आई!" करंडा छातीशी धरून ती हुंदके देऊ लागली, आणि मग एकाएकी तिचा आवाज चढला. "म्हणजे तुला ती इतकी पाठ होती! आणि तरी तू तिला पाण्यात सोडलंस?"

"उल्का!" सोनबा कडाडले.

"अहो, नको... लग्नघर आहे," तुळजाबाई विनवू लागली.

"आज बोलू दे मला. उल्का, फोटो घ्यायला ती माघारी घरात शिरली होती, आणि तू रडत तिच्या मागोमाग धावलीस. बाहेर पडेपर्यंत पाणी गळ्याशी आलं होतं. एका हातात जिन्याचा कठडा, दुसऱ्या हातात फोटो. आणि तू वाहून जायला लागलीस. कोणता हात सोडायचा होता तिनं? सांग की!"

उल्का खाली बसली. करंडा उराशी धरूनच तिनं तुळजाबाईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगायचं होतं, बाळा?" तुळजाबाई म्हणाली. "तुझ्यापायी तुझी आई वाहून गेली, असं? एवढंसं वय तुझं... जन्मभर ते ओझं वाहिलं असतंस तू. त्यापेक्षा माझा राग केलास, तेच बरं झालं."

उल्कानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं. तुळजाबाईचा हात तिच्या केसांवर टेकला, आणि आज त्याला कुणी झिडकारलं नाही...

लग्न लागलं. सासर भोरचं. स्वारगेटला वऱ्हाडाची गाडी सुरू झाली, तेव्हा खिडकीतून मुंडावळ्या सावरत उल्का वाकली आणि गर्दीत मागं उभ्या राहिलेल्या तुळजाबाईला तिनं मोठ्यानं हाक मारली, "आई! मांडवपरतणीला मला माहेरी न्यायला बाबांना नको पाठवूस... तूच ये!"

"येते गं," एवढंच तिला म्हणता आलं. इंजिनाच्या घरघरीत ते पोरीला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे! म्हणून सुटलेल्या गाडीबरोबर चार पावलं धावत ती पुन्हा ओरडली, "येते! मीच येते!"