सहा चाळीसची गोष्ट

"मैत्रिणीकडे होते गं, अभ्यासाला!" असं म्हणत भिंगरीने गळ्यातला स्कार्फ खुर्चीवर फेकला आणि हात धुवायला आत गेली... आणि तिच्या आईने, थोरलीने, तो स्कार्फ उचलून नाकाशी धरला मात्र, तिच्या काळजात चर्र झालं! गरम इस्त्रीचा, वाफेचा, ओल्या सुताचा वास! हा वास तिच्या सख्ख्या बहिणीच्या अंगाला गेली वीस वर्षं येत होता. धाकटी लॉन्ड्रीत कामाला होती, आणि तो वास आंघोळ केली तरी जात नसे.

मग पोरगी खोटं का बोलली? मावशीकडे जायला या घरात कुणी कधी बंदी घातली होती?

एका दिवसाची बंदी होती, नाही असं नाही. पण ती भिंगरीला नव्हती, मावशीला होती!

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती दोन महिन्यांपासून चुकचुकतच होती म्हणा. नर्सिंगला असलेली ही बडबडी मुलगी एकाएकी गप्प झाली होती, फोन पालथा ठेवू लागली होती, दर गुरुवारी, आजच्यासारखी, उशिरा येऊ लागली होती. जेवताना मान वर केली की थोरलीला तिची नजर आपल्यावरच खिळलेली दिसायची, जणू एखादा हिशेब जुळत नाहीये! परवा तर पोळी लाटता लाटता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुझं ते पोटाचं ऑपरेशन नेमकं कधी झालं गं?" थोरलीने लाटणं आपटून सांगितलं, "फार जुनी गोष्ट आहे. तू वाटी घे नि जेव."

"धाकटीने सांगितलं!" ती रात्री नवऱ्याला म्हणाली. "अठरा वर्षं तोंड मिटून बसली, आणि आता पोर मोठी झाली, हाताशी आली, तेव्हा बरी आठवण झाली तिला!"

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "अगं, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. तिने सांगायचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं."

"तुम्हाला काय कळतंय! तुम्ही आपले काटे फिरवा!"

पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. आठवड्यावर आलेल्या भिंगरीच्या वाढदिवसाची! थोरली बेकरीत केकवर नावं लिहायची. दिवसभर लोकांच्या लेकरांना क्रीमने शुभेच्छा द्यायच्या हे तिचं पोटापाण्याचं काम. पण तिच्या माहेरी केक, मेणबत्त्या हे सगळं नंतरचं. खरा वाढदिवस व्हायचा तो जन्माच्या नेमक्या मिनिटाला. लेकराला पुढ्यात बसवायचं आणि त्याच्या जन्माची गोष्ट सांगायची. जिने जन्म दिला, तिने. दोघी बहिणी आईच्या तोंडून आपापली गोष्ट ऐकतच वाढल्या होत्या. हीच रीत थोरलीने आपल्या घरी आणली, आणि तिथेच ती फसली! कारण सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सांगायची ती गोष्ट तिची नव्हतीच.

दोन लेकरं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. थोरली भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सहासात महिन्यांनी धाकटीचा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला, आणि चार महिन्यांची पोटुशी धाकटी बहिणीच्या आधाराला आली. एके दिवशी थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणाली, "ताई, हे तुझं. मी फक्त सांभाळतेय." एवढंच! त्या एका वाक्यावर हे घर उभं राहिलं होतं.

आणि थोरलीने त्याची परतफेड कशी केली? बाळ कुशीत घेऊन बहिणीला अट घातली... "एरवी ये, मावशी म्हणून ये. पण तिच्या वाढदिवशी या घरात पाऊल टाकू नकोस. त्या दिवशी तुझा चेहरा लपायचा नाही." धाकटीने मान हलवली होती. अठरा वर्षांत एकदाही ती अट मोडली नव्हती. तरी संशयाचं भूत थोरलीच्या मानगुटीवरून उतरेल तर शपथ!

पुढचा गुरुवार आला. वाढदिवसाला एक दिवस उरला होता. थोरली बेकरीतून दुपारीच निघाली आणि तडक लॉन्ड्री गाठली. आज काय तो सोक्षमोक्ष! मागच्या खोलीत दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, आणि चादरींच्या पलीकडून लेकीचा आवाज आला, तशी ती जागच्या जागी थिजली.

"मावशी, मी फाईल माझ्या डोळ्यांनी वाचलीय! आईच्या तपासणीचा फॉर्म भरायला कपाट उघडलं होतं. तिचं ऑपरेशन झालं त्यानंतर वर्षभराने मी जन्मले. पिशवी नसलेल्या बाईला मूल होतं का गं? मला कुणी वेडी समजतंय का?"

"फाईलवर तारीख चुकली असेल," इस्त्री फिरवत धाकटी म्हणाली. "कारकुनाचा हात आहे, चुकतो."

"आठ गुरुवार झाले, तू हेच सांगतेस! मग माझ्याकडे बघून बोल ना!"

"बघितलं. तुझी आई एकच आहे, भिंगरे. तुला ताप आला की कोण जागतं? विचार तिलाच."

"बरं, मग माझ्या जन्माची गोष्ट सांग."

थोरली चादरीजवळ सरकली. आता! आता ही सगळं सांगणार, आणि आपलं घर बसणार...

पण धाकटीने सांगितली ती थोरलीचीच गोष्ट. शब्दन् शब्द तीच! पहाटे कळा कशा सुरू झाल्या, बाबांनी घाईत एका पायात बूट नि एका पायात चप्पल कशी घातली, आणि आईच्या हातात येताच बाळ कसं गप्प झालं... थोरली हसायची तिथे ती हसली, थोरली थांबायची तिथे थांबली.

"तुला इतकी पाठ कशी?" भिंगरीचा आवाज बारीक झाला. "तू तर माझ्या एकाही वाढदिवसाला आली नाहीस."

इस्त्रीचा आवाज थांबला. मग धाकटी हळूच म्हणाली, "घरात नाही आले. जिन्यातून ऐकू येतं गं... दार पातळ आहे तुमचं."

अरे देवा! अठरा वर्षं! आपण बाळंतपणाची ही चोरलेली गोष्ट ऐटीत सांगावी, आणि जिची ती गोष्ट, तिने दाराबाहेर उभं राहून ती ऐकावी! आणि वर तीच पाठ करून स्वतःच्या पोटच्या लेकीला सांगावी, बहीण खोटी पडू नये म्हणून! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. चोर आपण होतो, आणि पहारा बहिणीवर ठेवत होतो! थोरली आली तशी मागच्या मागे निघून गेली. रस्ताभर डोळ्यांना पदर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दुकानातलं सगळ्यात इमानी घड्याळ मांडीवर घेऊन बसला होता. भिंगरी समोर बसली होती, पण मान खाली. सहा पस्तीस झाले. थोरली उठली आणि तिने सरळ दार उघडलं.

चपला हातात धरून, भिंतीला टेकून धाकटी उभी होती. ती दचकली, गडबडीने पायरी उतरू लागली. "ताई, मी... मी आत नव्हते येत गं! आपली अशीच..."

"आत ये."

"ताई, आज नको..."

"आजच!" थोरलीने तिचा दंड धरला, आणि बांध फुटल्यासारखी ती रडू लागली. "मला माफ कर गं! तू मला लेक दिलीस, आणि मी तुला जिन्यात उभं केलं! आत ये. आणि गोष्ट तू सांग. मी सांगते ती खोटी आहे."

भिंगरीने मान वर केली. तिने आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि सरकून मध्ये जागा केली.

"सहा चाळीस," नवरा म्हणाला आणि त्याने चष्मा पुसायला घेतला.

धाकटी त्या जागेत टेकली. मग ती सांगू लागली, अडखळत, पुन्हा मागे येत. बूट-चपलेपाशी सगळेच रडता रडता हसले. "...आणि मग तू आलीस. नर्सबाई तुला पुसून माझ्याकडे देत होत्या, तर मी म्हटलं, मला नको. तिला द्या. एकदा घेतलं असतं तर देववलं नसतं गं बाळा. मी भिंतीकडे तोंड केलं. पुढचं मला ठाऊक नाही. मी बघितलंच नाही."

"मला ठाऊक आहे," थोरली म्हणाली. भिंगरीचा हात तिने घट्ट धरला होता. सोडवून घेईल, ही भीती होती. पण भिंगरीने तो सोडवला नाही. "तू गप्प झालीस असं मी दरवर्षी सांगते ना? नाही झालीस. माझ्या हातात आलीस आणि आणखीनच टाहो फोडलास. तुला हिचा वास हवा होता. मी घाबरले... वाटलं, ही माझी कधीच होणार नाही. म्हणून तर मी ती खुळी अट घातली!"

आणि मग धाकटी, अठरा वर्षं ज्या क्षणाकडे तिने पाठ केली होती त्याच्याकडे वळत, लहान मुलीसारखी थोरलीच्या जवळ सरकली.

"मग?" तिने विचारलं. "मग काय झालं, ताई?"